दोऱ्याएवढी फट

बाजारात कोणी हसलं की पुंडलिक महेंद्रकराची मान आपोआप तिरकी व्हायची. नाव आठवायचं नाही, गल्ली आठवायची नाही, पण दात बरोबर आठवायचे. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात हातगाड्यांच्या रेट्यात उभा राहून तो समोरच्या म्हाताऱ्याला खुशाल विचारायचा, "काय हो, खालचे चार आमचेच ना?" म्हातारा आधी चपापायचा, मग जीभ दातांवरून फिरवायचा, आणि बहुतेक वेळा ते चार पुंडलिकचेच निघायचे. त्याची बायको शकुंतला अशा वेळी पिशवी उचलून पुढं चालू लागायची. "अहो, लोकांची तोंडं काय बघता? भाजी बघा की!"

पुंडलिक डॉक्टर नव्हता. दातांचा मेकॅनिक होता. डॉक्टर रोग्याच्या तोंडातून माप काढायचे आणि ते याच्याकडं यायचं. हा त्यात प्लास्टर ओतायचा, जबडा उभा करायचा, आणि त्या जबड्यावर कवळी बसवायचा, नाहीतर एकदोन दातांची पट्टी. गोकुळ रोडला एका लेथच्या कारखान्यामागं त्याची खोली होती. लेथच्या किरकिरीत दिवसभर बसून माणूस मेण तापवतोय, घासतोय, फुंकर मारतोय. ज्यांच्यासाठी करायचा ती माणसं त्याला कधी भेटायची नाहीत. म्हणून तर बाजारात तो हावरटासारखा तोंडं बघायचा.

आणि एक गोष्ट तो कोणालाही, विचारो न विचारो, ऐकवायचाच. वीस वर्षांत त्याचं एकही काम परत आलं नव्हतं. "हुबळी-धारवाडात विचारा कुणालाही," म्हणायचा. खरंच होतं ते. पण खऱ्या गोष्टीचाही माज चढतो माणसाला, त्याला काय करणार?

ही बसवण्याची हौस त्याच्या रक्तातलीच. बाप सदाशिव महेंद्रकर शिंपी, दुर्गदबैलातच तीस वर्षं मशीन चालवलं. मोठा विक्षिप्त माणूस. गिऱ्हाईक म्हणालं की काखेत आवळतंय, तर लगेच टेप गळ्यातून काढून पुन्हा माप घ्यायचा. शेजारचे शिंपी गिऱ्हाइकालाच झाडायचे, "तुम्ही जाड झालात, आम्ही काय करू?" सदाशिव कधी तसं म्हणाला नाही. पोराला सांगायचा, "पुंड्या, कापड बसलं नाही तर अंगाला शिव्या देऊ नयेत. अंग खोटं बोलत नाही. आधी आपली टेप बघावी." पुंडलिकनं हे शंभरदा ऐकलं होतं. बाप गेला तेव्हा त्याच्या मशीनच्या खणातली चाळीस नंबरच्या पांढऱ्या दोऱ्याची रिळं तेवढी त्यानं आठवण म्हणून आणून लॅबमधल्या टेबलात ठेवली.

त्याला एकच मुलगी, दीपश्री. हुशार, बोलकी, बापाची लाडकी. आणि नेमकं तिचंच तोंड! वरचा डावा सुळा पुढं आलेला, त्याच्या अलीकडचा दात मागं दडून बसलेला, दातावर दात. शाळेत पोरी तिला 'दुमजली' म्हणायच्या. पोरींना काय, जिभेला हाड नसतं. तेव्हापासून दीपश्रीला सवयच लागली, हसू आलं की उजवा हात तोंडावर. बोलताना हनुवटीवर, हसताना ओठांवर. फोटोत तर ती ओठ इतके आवळून बसायची की कोणाला वाटावं, पोरीला कोणी आत्ताच रागावलंय.

पुंडलिक ते बघायचा आणि आतून तुटायचा. अख्ख्या गावाची तोंडं ह्यानं नीट केली आणि घरच्या पोरीचा हात तोंडावरून खाली येत नाही! त्याला दुसरं काही नको होतं. फक्त तो हात खाली यायला हवा होता.

तारा लावायचं ती दहावीत असताना निघालं होतं. दीपश्री दोन दिवस जेवली नाही. "आधीच दुमजली म्हणतात, आता वर पत्रा पण घालू का?" विषय तिथंच संपला.

मग १९९९ उजाडलं. दीपश्री वीस वर्षांची झाली, धारवाडला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जात होती. डॉक्टर प्रभंजन, ज्यांचं निम्मं काम पुंडलिककडं यायचं, ते एका परिषदेहून परतले आणि त्यांनी त्याला बोलावून घेतलं. टेबलावर काचेसारखी पारदर्शक पातळ टोपी ठेवली, दातांच्या आकाराची. म्हणाले, "बघ. तार नाही, पत्रा नाही. दातांवर घातली तर समोरच्याला कळतसुद्धा नाही. प्लास्टरच्या जबड्यातला वाकडा दात करवतीनं कापायचा, मेणावर केसभर सरकवून बसवायचा, आणि त्या नव्या जबड्यावर तापवलेली प्लास्टिकची शीट दाबायची. रोगी ती टोपी घालतो, खरा दात हळूहळू टोपीच्या मागं येतो. पंधरा दिवसांनी पुन्हा केसभर. जमेल?"

पुंडलिकच्या डोळ्यांपुढं एकच तोंड आलं. म्हणाला, "डॉक्टर, जमेल. पण पहिली माझ्या पोरीला."

डॉक्टर हसले. माप त्यांनी घेतलं, फोटो काढले, सगळं नीट केलं. आणि निघताना बोट उभारून एक गोष्ट सांगितली. "एक लक्षात ठेव पुंडलिक. टोपी दातावर अशी बसली पाहिजे की मध्ये उजेड दिसता कामा नये. सुरुवातीला एकदोन दिवस दिसेल थोडा, दाबून जाईल. पण पंधरा दिवसांनीही दाताच्या टोकापाशी फट राहिली, मागची बाजू उचलली, सहज निघायला लागली, तर समजायचं की दात कुठंतरी मागं राहिला. मग पुढची टोपी द्यायची नाही. थांबायचं. माझ्याकडं आणायचं, पुन्हा माप घेऊ."

"होय डॉक्टर."

"तू घरातच आहेस म्हणून मी दर पंधरा दिवसांनी बोलावत नाही. तुझे डोळे तेच माझे."

हे ऐकून पुंडलिक फुगला. फुगणारच की! वीस वर्षं प्लास्टरचे जबडे बघितलेल्या माणसाला पहिल्यांदाच जिवंत तोंड सोपवलं होतं, आणि तेही पोटच्या पोरीचं.

एकूण चौदा टोप्या ठरल्या. पुंडलिकनं एकेक अशी केली की देवाचा मुकुट करावा. कड घासून मऊ, जिभेला कुठं लागू नये. फट बघायला त्यानं स्वतःची युक्ती काढली. बापाचा चाळीस नंबरचा दोरा घ्यायचा, आणि टोपी घातलेल्या दाताच्या टोकाशी आत सारून बघायचा. दोरा शिरला नाही म्हणजे बसली. पहिलीला दोरा शिरला नाही. दुसरी, तिसरी, चौथी, नाही म्हणजे नाही. दडलेला दात खरंच बाहेर डोकवायला लागला होता. एका संध्याकाळी शकुंतला काहीतरी म्हणाली आणि दीपश्री हसली, आणि तिचा हात छातीपर्यंतच आला. तिथं थांबला, आणि खाली गेला. पुंडलिकनं ते पाहिलं. तो उठून मागच्या अंगणात गेला आणि उगीचच तुळशीला पाणी घालून आला. सकाळीच घातलं होतं.

पाचवी टोपी मे महिन्याच्या शेवटी. पंधरा दिवसांनी त्यानं दोरा लावला, आणि दोरा आत गेला.

त्यानं दोरा ओढून काढला. पुन्हा लावला. डाव्या बाजूला, त्या दडलेल्या दाताशी, दोरा सुळकन आत. ट्यूबलाइटखाली पोरीला उभं केलं तर दाताच्या टोकाशी उजेडाची बारीक रेघ. पुढून दाबलं की मागं दाढेशी टोपी तिळभर उचलायची. डॉक्टरांनी जे जे सांगितलं होतं ते ते समोर उभं होतं. यापेक्षा स्पष्ट आणखी काय असतं?

आता इथं थांबायचं होतं. एवढंच करायचं होतं. पण टोपी डॉक्टरांकडं परत न्यायची म्हणजे पुंडलिक महेंद्रकराचं काम परत गेलं असं होणार. वीस वर्षांत पहिल्यांदा. त्याचं मन तिकडं जाईचना. ते दुसरीकडं गेलं, सोप्या वाटेनं.

"तू घालत नाहीस," तो म्हणाला.

"घालते की अप्पा. जेवताना तेवढी काढते."

"मग दोरा कसा शिरतो?"

"मला काय माहीत? थोडी सैल लागतेय. आणि इकडं टोचते पण. अप्पा, ती वाकडी झालीय काय?"

"माझ्या हातचं वाकडं होत नाही," पुंडलिक म्हणाला आणि सहावी टोपी काढून दिली.

सहावीला दोरा शिरला. सातवीला दुहेरी दोरा शिरला. टोपी बसावी म्हणून तो तिला रुमालाची घडी चावायला लावायचा. दुखायचं तिला, डोळ्यांत पाणी यायचं. दुखतंय म्हणजे दात सरकतोय, असं तो स्वतःलाच सांगायचा. आणि रोज तोच प्रश्न, "घातलीस का?" सकाळी उठली की "घातलीस का?", बसमधून उतरली की "घातलीस का?" शकुंतला मध्ये पडायची, "अहो, घालते हो ती. माझ्यासमोर घालते." तर तिलाच म्हणायचा, "तू गप्प बस. तुला काय कळतं यातलं?"

शेवटी जुलैमध्ये एका दुपारी तो काम टाकून धारवाडच्या बसमध्ये बसला. पोर कॉलेजात टोपी काढून ठेवते, असं त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. आज मुद्देमालासकट पकडायचं! मधल्या सुट्टीत फाटकातून आत गेला तर दीपश्री चारपाच मैत्रिणींबरोबर चिंचेखाली बसून डबा खात होती. शेजारी स्टीलची छोटी डबी, डबीत टोपी.

"बघ!" पुंडलिक ओरडला. "बघ, बाहेरच आहे!"

आता जेवताना टोपी बाहेर नाही तर कुठं असणार? पण रागावलेल्या माणसाला दोन आणि दोन किती ते विचारू नये. दीपश्री घास हातात धरून उभी राहिली. "अप्पा, मी जेवतेय..."

"तोंड धू. घाल. माझ्यासमोर घाल."

तिनं नळावर चूळ भरली आणि टोपी घातली. "आ कर," तो म्हणाला, आणि तिथंच, त्या पोरींच्या देखत, तिचं तोंड उघडून त्यानं अंगठ्यानं टोपी दाबली. ती बसेना. त्यानं आणखी जोरात दाबली. दीपश्रीच्या तोंडून बारीकसा आवाज आला. मागं कोणीतरी पोर खुदकन हसली. वाईट मनानं नसेल हसली, त्या वयात येतं हसू. पण दीपश्रीनं बापाचा हात बाजूला केला आणि स्वतःचा हात तोंडावर ठेवला. तो तिनं बस येईपर्यंत काढला नाही, आणि घरी येईपर्यंतही नाही.

त्या दिवसानंतर ती त्याच्याशी बोलायची बंद झाली असं नाही. बोलायची. "होय अप्पा", "नाही अप्पा". घालते की, असं मात्र परत कधी म्हणाली नाही. पुंडलिकला वाटलं, कबूल केलं एकदाचं पोरीनं!

आता खरा घोटाळा कुठं होता ते ऐका, म्हणजे कपाळावर हात मारून घ्याल.

महेंद्रकरांच्या घरी आधी पुंडलिक जेवायचा. बापाच्या वेळेपासूनची रीत. त्याला गरम वाढायचं, तो उठून हात धुवून पुढच्या खोलीत जायचा, रेडिओ लावायचा, आणि मग मायलेकी स्वयंपाकघरात बसायच्या. दुपारी तर तो लॅबमध्येच डबा खायचा. त्यामुळं मायलेकींचं जेवण झाल्यावर मागच्या बाजूला काय होतं, हे त्यानं लग्नाला बावीस वर्षं होऊनही कधी पाहिलं नव्हतं. पाहायचं कारणही नव्हतं.

सप्टेंबरातला रविवार. बारावी टोपी चालू होती. दुपारी जेवून पुंडलिक आडवा झाला, पण ठसका लागला म्हणून कोमट पाणी घ्यायला न्हाणीकडं गेला. चुलीवर हंडा होता, पाण्याला आधण आलेलं. शकुंतला चुलीपुढं बसली होती. समोर वाटी, वाटीत टोपी. तिनं तांब्या हंड्यात बुडवला आणि ते उकळतं पाणी टोपीवर ओतलं. वाफ वर आली. पुन्हा बुडवला, पुन्हा ओतला.

पुंडलिक वाटीवर वाकला. मग म्हणाला, "हे काय करतेस?"

"धुतेय. काय करणार?" ती वर न बघताच म्हणाली. "जेवायच्या आधी तोंडातून काढलेलं, उष्टं ते. तसंच परत तोंडात घालायचं? शी! उकळतं पाणी ओतल्याशिवाय मी देत नाही तिला. डॉक्टर प्रभंजनसुद्धा हत्यारं उकळूनच घेतात की, मी बघितलंय."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून." मग तिनं वर पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावरून तिला काहीतरी कळलं. "का हो? आधी नळाखाली धरत होते. मेच्या शेवटाला गावात काविळीची साथ आली, तेव्हापासून उकळतं. चुकलं काय माझं?"

पुंडलिकनं टोपी वाटीतून उचलली. शीट कशानं मऊ होते? उष्णतेनं. जबड्यावर दाबायच्या आधी तो ती कशावर धरायचा? उष्णतेवरच. हुबळीत ही गोष्ट त्याच्याइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक होती? आणि त्याच्याच घरात रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्या हातचं काम उकळत्या पाण्यानं वाकत होतं, आणि तो दोन महिन्यांपूर्वी कॉलेजात जाऊन पोरीचं तोंड उघडून आला होता.

तो टोपी घेऊन तसाच लॅबवर गेला. रविवारी लेथ बंद, खोलीत चिडीचूप. बाराव्या जबड्यावर त्यानं टोपी ठेवली, बोट लावलं, तर ती डुगडुगली. पाय वाकडा झालेल्या पाटासारखी. हे त्याला जूनमध्येच करता आलं असतं. टोपी तिच्या तोंडातून काढून जबड्यावर ठेवायची, बस्स. अर्ध्या मिनिटाचं काम. तो दोरा तिच्या तोंडात लावत राहिला, टोपी एकदाही पुन्हा जबड्यावर ठेवून पाहिली नाही. खणातली बापाची रिळं दिसली आणि बाप जिवंत असता तर आपल्याकडं कसा बघत राहिला असता, ते त्याला दिसलं. अंग खोटं बोलत नाही, पुंड्या.

सोमवारी डॉक्टरांकडं गेले तिघं. डॉक्टरांनी बघितलं, दात दोन बोटांत धरून हलवून पाहिला, एक्स-रे काढला.

"फट कधी दिसली?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाचवीला."

"आणि आता बारावी." डॉक्टर रागावले नाहीत, हे जास्त वाईट झालं. त्यांनी समजावून सांगितलं. दात जिथं आहे असं धरून पुढच्या टोप्या केल्या, तिथं तो नव्हताच. वर वाकडी झालेली टोपी, तीही जोर लावून दाबलेली. चार महिने दात एकीकडून एक आणि दुसरीकडून दुसरा रेटा खात राहिला. मूळ झिजून अर्ध्यावर आलंय, हिरडी सुटलीय. "बघू थोडे दिवस," ते म्हणाले, पण त्यांच्या तोंडाकडं बघून कळत होतं की बघण्यासारखं काही राहिलेलं नाही.

दसऱ्याच्या आधी तो दात काढावा लागला. ज्याला बाहेर आणायला एवढा खटाटोप केला तोच. जागेवर भोक राहिलं. सुळा होता तिथंच राहिला, पुढं आलेला.

शकुंतलेनं रडून रडून डोळे सुजवून घेतले. "माझ्या हातानं झालं, माझ्याच हातानं," म्हणायची. पुंडलिकनं तिला एकदा तरी सांगायला हवं होतं की बाई, पाणी तू ओतलंस पण फट मी पाहिली होती. पोरीपुढंही दोन शब्द बोलायला हवे होते. वाक्य रोज तयार करायचा. दीपश्री समोर आली की ते अडकायचं, आणि तो विचारायचा, "जेवलीस का?" बाप पोरीची माफी मागतो, असं त्यानं कुठं पाहिलं नव्हतं, कुठं ऐकलं नव्हतं. हातानं जे होतं तेवढंच त्याला यायचं.

म्हणून त्यानं दात केला. एका दाताची पट्टी. वीस वर्षांच्या मुलीसाठी, स्वतःच्या पोरीसाठी, एका दाताची कवळीच म्हणा ना. आठ दिवस घासत होता. रंग असा जुळवला की डॉक्टरांनाही शेजारचा खरा कोणता ते क्षणभर कळलं नाही. घरी आणली. दीपश्रीनं आरशापुढं उभं राहून बसवली.

"बसली?" त्यानं विचारलं.

"बसली अप्पा." मग आरशातूनच, मागं न वळता, ती म्हणाली, "अप्पा, मी घालत होते. रोज घालत होते."

हीच वेळ होती. यापेक्षा चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती, आणि त्याला ते कळतही होतं.

"हं," तो म्हणाला. आणि शेगडीवर चहा उतू जातोय की काय, ते बघायला गेला.

तोंडात दात आला तरी तिचा हात काही खाली आला नाही. उलट आता पट्टी सुटेल की काय ही भीती. ट्रेनिंग पुरं झालं, २००१ साली लग्न झालं. जावई लोकेश, बरा मुलगा, धारवाडजवळ केलगेरीला घर. तिथंच एका प्राथमिक शाळेत तिला नोकरी लागली. सहकारी शिक्षिका सांगायच्या, दीपश्रीबाई छान शिकवतात, पण बोलताना फळ्याकडं तोंड करून बोलतात. पोरांना त्यांची पाठ पाठ झालीय. लग्नाचा फोटो पुंडलिकनं पुढच्या खोलीत लावला. त्यात सगळे हसतायत. नवरी ओठ आवळून बसलीय.

टोप्यांची शीट दाबायचं यंत्र त्यानं उशीच्या जुन्या अभ्र्यात बांधून माळ्यावर टाकलं. डॉक्टरांनी नंतर दोघातिघांसाठी विचारलं, हा नाही म्हणाला. कवळ्या करत राहिला. वीस वर्षांचं ते वाक्य मात्र त्याच्या तोंडून पुन्हा कोणी ऐकलं नाही. बाजारात माणसांच्या तोंडाकडं बघायचंही त्यानं सोडलं. शकुंतलेला वाटायचं, परत एकदा तरी विचारू दे ह्यांनी कुणाला, खालचे चार आमचेच ना म्हणून. मी नाही पुढं जाणार.

२००८च्या मे महिन्यात तो चार दिवस केलगेरीला राहायला गेला. नात वेदश्री पाच वर्षांची. संध्याकाळी तो तिला तळ्याच्या बांधावर घेऊन जायचा. तिचे दुधाचे दात त्यानं पहिल्याच दिवशी चोरून पाहिले होते. एकाला एक लागून, सरळ, कुठं फट नाही, कुठं गर्दी नाही. असा जबडा त्याच्या टेबलावर कधी आला नव्हता.

बांधावर एक म्हैस पाण्यातून निघायला तयार नव्हती, आणि तिचा मालक काठावरून तिला कन्नडमध्ये हात जोडून विनवत होता. "बारव्वा, बा, मनिगे होगोणू!" बाई चल गं, घरी जाऊ या! म्हशीनं त्याच्याकडं बघून शांतपणे पाण्यात आणखी एक बैठक मारली. वेदश्री खदखदून हसली. आणि हसता हसता तिचा उजवा हात वर गेला आणि तोंडावर बसला.

पुंडलिक तिच्यापुढं उकिडवा बसला. "हात का लावतेस गं बाळ? तुझे दात तर किती छान आहेत!"

"हसताना लावायचा असतो," वेदश्री म्हणाली. एवढंही अज्जाला माहीत नाही, याचं तिला नवल वाटलं. "आई लावते की."

"नसतो लावायचा. आईचं... आईचं वेगळं आहे. तुझं काही चुकलेलं नाही. तिचंही काही चुकलं नव्हतं गं." नऊ वर्षं अडकलेलं ते वाक्य असं निघालं, तळ्याच्या काठावर, एका पाच वर्षांच्या पोरीपुढं, जिला त्याचा काही अर्थ नव्हता. ती म्हशीकडंच बघत होती. पुंडलिकनं तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि हळूच खाली आणून धरून ठेवला.

मालक चपला काढून, धोतर खोचून पाण्यात उतरला, घसरला आणि बदकन बसला. वेदश्रीला पुन्हा हसू आलं. उजवा हात अज्जाच्या हातात होता. तिनं डावा तोंडावर नेला आणि हसता हसता पुंडलिकच्या अंगावर रेलली.